आहार आणि हृदयविकार: ताटातून काय काढलं, आणि त्याजागी काय आलं?

निरामय

कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: तेलकट बंद. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडा जेमतेम हललेला असतो, आणि मग निष्कर्ष निघतो की पथ्याचा काही उपयोग नाही, आपली प्रकृतीच तशी. बऱ्याचदा दोष प्रकृतीचा नसतो. जे काढलं त्याच्या जागी ताटात काय आलं, हे कुणी बघितलेलंच नसतं. धागा त्या एका प्रश्नासाठी काढतोय.

आधी यंत्रणा, थोडक्यात. यकृताच्या पेशींवर रिसेप्टर नावाची दारं असतात, ती रक्तातले एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण ओढून घेतात. या रिसेप्टरच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आहारात सॅच्युरेटेड फॅट (लोणी, खोबरेल, पाम तेल यांत भरपूर असतं ते) जास्त असलं की या रिसेप्टरचं काम मंदावतं. मग कण रक्तात जास्त काळ फिरत राहतात, त्यातले काही धमनीच्या अस्तराखाली शिरून तिथेच अडकतात, पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि थर साचू लागतो. असा थर एके दिवशी फाटला की त्यावर गुठळी धरते. हार्ट अटॅक येतो तो बहुतेक वेळा त्या गुठळीने.

साचण्याची ही क्रिया वर्षानुवर्षं चालते. म्हणून एलडीएल किती आहे याच्याइतकंच ते किती वर्षं तेवढं होतं यालाही महत्त्व आहे. औषधाने एलडीएल ३९ मिलिग्रॅमने (दर डेसिलिटर रक्तामागे; रक्ताचे पुढचे आकडेही याच मापात) उतरवलं तर साधारण पाच वर्षांत हृदयविकार-पक्षाघाताच्या मोठ्या घटना २२ टक्क्यांच्या आसपास कमी होतात. जनुकांमुळे जन्मापासूनच तेवढं कमी असणाऱ्यांत मात्र हृदयविकाराचा धोका जवळपास निम्मा असतो. आहाराचं खरं बळ या दुसऱ्या आकड्यात आहे.

आता अदलाबदलीचा हिशेब. रोजच्या एकूण उष्मांकापैकी १ टक्का सॅच्युरेटेड फॅट काढून त्याजागी

- पुफा, म्हणजे पॉलिअनसॅच्युरेटेड फॅट (सूर्यफूल, सोयाबीन, अक्रोड, जवस) आलं, तर एलडीएल सुमारे २ मिलिग्रॅमने उतरतं
- मुफा, म्हणजे मोनोअनसॅच्युरेटेड फॅट (ऑलिव्ह, शेंगदाणा, बदाम) आलं, तर सुमारे १.६
- पिष्ट किंवा साखर आली, तर सुमारे १.३, पण सोबत एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉलही उतरतं आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढतं

२००० उष्मांकाच्या आहारात १ टक्का म्हणजे २० उष्मांक, म्हणजे जेमतेम सव्वादोन ग्रॅम फॅट. लोणी काढून त्याजागी पांढरा ब्रेड आणि जॅम आला तर कागदावर एलडीएल थोडं कमी दिसतं, धोका मात्र तिथेच राहतो. अमेरिकेतल्या परिचारिका आणि पुरुष आरोग्य-व्यावसायिकांच्या दोन दीर्घ पाहण्यांतही हेच निघालं: सॅच्युरेटेड फॅटच्या जागी पुफा, मुफा किंवा अख्खं धान्य आलं तिथे हृदयविकार कमी दिसला, मैदा-साखर आली तिथे नाही.

चौकस

दोन शंका. १) कोलेस्टेरॉल अंड्यात भरपूर असतं, मग तुमच्या हिशेबात अंडं कुठे बसतं? २) हा सगळा डोलारा अमेरिकन संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांच्या पाहणीवर उभा आहे आणि त्यांनी सोयीचे देश निवडले होते, असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

अनघा_आहार

अंड्याचं मी सांगते. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण सॅच्युरेटेड फॅट दीड ग्रॅमच्या थोडं वर, बस. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच बनवतं. जेवणातून जास्त आलं तर बहुतेकांचं शरीर स्वतःचं उत्पादन घटवतं आणि शोषणही आवरतं. म्हणून आहारातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम सॅच्युरेटेड फॅटच्या मानाने लहान असतो. अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेने रोज ३०० मिलिग्रॅमची ठरीव मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली ती याचमुळे. तरी परिणाम शून्य नाही. काहींचं एलडीएल अंड्यांनी इतरांपेक्षा बरंच जास्त चढतं. मधुमेह असलेल्यांनी आणि ज्यांचं एलडीएल आधीच चढलेलं आहे त्यांनी मोकळं रान समजू नये.

प्रश्न बहुधा अंड्याचा नसून कढईचा असतो. दोन अंडी म्हणजे सव्वातीन ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट. ती एक मोठा चमचा, म्हणजे १४ ग्रॅम लोण्यात परतली तर लोण्याचं सात ग्रॅम वर आलं. एकूण सव्वादहा. तीच दोन अंडी दोन छोटे चमचे सूर्यफूल तेलात केली तर बेरीज सव्वाचारच्या आसपास. अंडी तीच, फरक सहा ग्रॅमचा.

निरामय

कीज यांच्याबद्दल: इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. १९५३ साली त्यांनी सहा देशांचा एक आलेख मांडला होता. त्यावर १९५७ मध्ये येरुशाल्मी आणि हिलबो यांनी २२ देशांची आकडेवारी घेऊन टीका केली, आणि ती रास्त होती. कीज यांची सात देशांची पाहणी हे निराळं काम. ती १९५८ पासून सुरू झाली, तिच्यात १२ हजारांवर पुरुष होते. तीही निरीक्षणावरचीच, त्यामुळे एकट्या तिने कार्यकारण सिद्ध होत नाही.

पण डोलारा तिच्यावर उभा नाही. वर दिलेले अदलाबदलीचे आकडे नियंत्रित आहाराच्या प्रयोगांतले आहेत, जिथे माणसांना मोजून जेवण दिलं गेलं. त्याखेरीज जनुकांवरून मिळालेला पुरावा आहे, औषधांच्या चाचण्या आहेत, आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलचे रुग्ण आहेत. कीज यांचं सगळं काम वजा केलं तरी निष्कर्ष उभा राहतो.

तर्कनिष्ठ

मग वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकन चाचणीचं काय? ४८ हजारांहून जास्त स्त्रिया, आठ वर्षं कमी फॅटचा आहार, आणि २००६ मध्ये जाहीर झालं की हृदयविकारात फरक नाही. आणि १९६८ ते ७३ चा मिनेसोटाचा प्रयोग? तिथे मक्याच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

निरामय

चांगले मुद्दे. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

पहिल्या चाचणीत सगळंच फॅट कमी करायला सांगितलं होतं. म्हणजे पुफा-मुफाही गेलं, आणि एलडीएलमधला फरक आला जेमतेम साडेतीन मिलिग्रॅम. एवढ्याशा फरकाने आठ वर्षांत काही दिसलं नाही यात नवल नाही. "कमी फॅट" हा सल्ला अपुरा आहे हे त्या चाचणीने दाखवलं, आणि ते फार मोलाचं आहे.

मिनेसोटाचं उत्तर इतकं सरळ नाही, ते तसं मान्य करायला हवं. प्रयोग संस्थांमध्ये राहणाऱ्या रुग्णांवर होता, बरेच जण मध्येच बाहेर पडले, प्रत्यक्ष आहारावरचा काळ बहुतेकांचा कमी होता. त्याच काळातला सिडनीचा प्रयोगही असाच पुढे केला जातो; त्यात तर मार्गारिन (तेलापासून केलेलं लोण्यासारखं फॅट) वापरलं होतं, आणि त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारं घातक फॅट) असायचं. सगळ्या चाचण्या एकत्र करून कोक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये जो आढावा घेतला त्यात, किमान दोन वर्षं सॅच्युरेटेड फॅट कमी केल्यास हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना १७ टक्क्यांच्या आसपास कमी निघाल्या. एकूण मृत्यूंमध्ये स्पष्ट फरक दिसला नाही. दोन्ही वाक्यं सोबत सांगावीत, एक गाळून दुसरं सांगू नये.

मापाडी

सल्ला घरात उतरतो तो मोजमापाने. "आम्ही तेल कमीच वापरतो" हे वाक्य मोजल्याशिवाय कुणी म्हणू नये.

तेल असं मोजा: महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्या तेलाचं आणि लोण्याचं वजन करा. महिनाभर जे नवीन आणाल ते लिहून ठेवा. शेवटी उरलेल्याचं वजन वजा करा, आलेल्या आकड्याला माणसं गुणिले दिवस यांनी भागा. मिळेल तो माणशी रोजचा ग्रॅमचा आकडा. बाहेरचं खाणं यात येत नाही हे लक्षात असू द्या. लहान चमचा ५ मिलिलिटरचा, त्यात साडेचार ग्रॅम तेल. मोठा १५ मिलिलिटरचा, त्यात साडेतेरा ग्रॅम. बाटलीतून थेट कढईत ओतलं की "एक चमचा" सहज दोन-अडीचचा होतो.

१०० ग्रॅममागे सॅच्युरेटेड फॅट, अंदाजे: खोबरेल ८२ ते ९०, लोणी ५१, पाम तेल ४९, ऑलिव्ह १४, सूर्यफूल १०-११, कॅनोला ७. मर्यादा किती? जागतिक आरोग्य संघटना उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत म्हणते, म्हणजे २००० उष्मांकाला २२ ग्रॅम. एलडीएल उतरवायचंच असेल तर अमेरिकन हार्ट असोसिएशनचा ५ ते ६ टक्क्यांचा आकडा धरा, म्हणजे ११ ते १३ ग्रॅम. दोन मोठे चमचे लोण्यात तो संपतो.

लेबल वाचताना "प्रति सर्व्हिंग"चा रकाना सोडा, १०० ग्रॅमचा बघा. ब्रिटनच्या रंगीत लेबलांची वाटणी पाठ करायला सोपी आहे: १०० ग्रॅममध्ये सॅच्युरेटेड फॅट ५ ग्रॅमच्या वर म्हणजे जास्त, दीडपर्यंत म्हणजे कमी. मीठ दीड ग्रॅमच्या वर जास्त, ०.३ पर्यंत कमी. लेबलावर सोडियम दिलं असेल तर अडीचने गुणा, मीठ मिळतं.

"ट्रान्स फॅट ०" वर लगेच विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या नियमात एका सर्व्हिंगला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहिता येतं, आणि सर्व्हिंग छोटी असेल तर ते सहज जमतं. घटकांच्या यादीत "पार्शली हायड्रोजनेटेड" शब्द दिसला की वस्तू परत ठेवा. वनस्पती तेलावर "कोलेस्टेरॉलमुक्त" लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं, खोबरेलातसुद्धा.

अनघा_आहार

मापाडी, ट्रान्स फॅटवर थोडी भर. हे एकच फॅट असं आहे जे एलडीएल चढवतं आणि एचडीएल उतरवतं. १९९० मध्ये मेन्सिंक आणि काटन यांनी ते दाखवलं. उष्मांकाच्या फक्त २ टक्के ट्रान्स फॅटमागे हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आढळला आहे. डेन्मार्कने २००३ मध्ये कायद्याने मर्यादा घातली. बाकी फॅटच्या बाबतीत "किती" असा प्रश्न विचारता येतो, याच्या बाबतीत तोही नको.

चौकस

फायबरबद्दल कुणी लिहील का? "फायबर खा" यापलीकडे नेमकं प्रमाण कुठे सापडत नाही.

अनघा_आहार

एलडीएलसाठी विरघळणारं, चिकट होणारं फायबर लागतं. गव्हाचा कोंडा पोटासाठी उत्तम, पण एलडीएलवर त्याचा परिणाम फारसा नाही. चिकट फायबर आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. मग यकृताला नवं पित्त बनवायला कोलेस्टेरॉल लागतं, त्यासाठी ते रिसेप्टर वाढवून रक्तातलं एलडीएल ओढतं. म्हणजे निरामय यांनी सांगितलेल्याच दारातून, फक्त उलट दिशेने.

ओट किंवा जव: यांतलं चिकट फायबर म्हणजे बीटा-ग्लुकन, ते रोज ३ ग्रॅम लागतं. त्यासाठी कोरडे ओट ७५ ग्रॅम किंवा ओटचा कोंडा ४० ग्रॅमच्या आसपास. दोन चमचे ओट दुधात टाकून भागत नाही. लोक नेमके इथेच कमी पडतात.

कडधान्यं: शिजवलेली १३० ग्रॅम रोज. एलडीएल सुमारे ५ टक्के उतरतं. आठवड्यातून दोनदा खाऊन हा आकडा मिळत नाही.

इसबगोल: रोज १० ग्रॅम भुशीने एलडीएल साधारण ७ टक्के उतरतं. पहिल्याच दिवशी १० ग्रॅम घेतलं की पोट फुगतं, कळा येतात आणि माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो. ३ ग्रॅमपासून सुरू करा, दर आठवड्याला तेवढंच वाढवा. प्रत्येक वेळी किमान २४० मिलिलिटर पाण्यात ढवळा आणि घट्ट होण्याआधी प्या, वर आणखी पाणी घ्या. कोरडी भुशी तोंडात टाकणं धोक्याचं आहे, ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. गिळायला त्रास असलेल्यांनी घेऊच नये. औषधं आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर औषधाचं शोषण बिघडतं.

निरामय

हे सगळं एकत्र केलं तर किती, याचं उत्तर आहे. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी चिकट फायबर, सोया प्रथिनं, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल (कोलेस्टेरॉलचं शोषण अडवणारी वनस्पतींतली द्रव्यं) अशी मोट बांधली. २००३ च्या प्रयोगात, जिथे जेवण पुरवलं होतं, एलडीएल सुमारे २८ टक्के उतरलं. त्याच प्रयोगातल्या स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या) गटात ३१. मात्र २०११ मध्ये लोकांना फक्त सल्ला देऊन घरी पाठवलं, तेव्हा उतार १३ टक्क्यांच्या आसपास आला. आहारातलं सामर्थ्य आणि माणसाला प्रत्यक्ष पाळता येणारं पथ्य यांतलं अंतर या दोन आकड्यांत दिसतं.

एक रिपोर्ट घेऊन बघू. एकूण कोलेस्टेरॉल २३२, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड ११०. एलडीएल = २३२ − ४६ − (११० ÷ ५) = १६४. समजा सॅच्युरेटेड फॅट उष्मांकाच्या १४ टक्के आहे, ते ७ वर आणलं आणि त्याजागी पुफा-मुफा मिसळून घेतलं: साधारण १३ ची घट. इसबगोल १० ग्रॅम: ११. कडधान्यं १३० ग्रॅम: ६ ते ८. बेरीज ३० च्या घरात, म्हणजे एलडीएल १३४. फायदे तंतोतंत बेरजेने जुळत नाहीत आणि पथ्यही रोज सारखं पाळलं जात नाही, म्हणून १४० अपेक्षित धरा. १४० आलं तर पथ्य लागू पडलं, १६० राहिलं तर कुठेतरी गळती आहे. ती शोधायची जागा म्हणजे बेकरीचे पदार्थ, चीज आणि बाहेरचं तळण.

तर्कनिष्ठ

कॉफीही त्या यादीत घाला. न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल आणि काहवेऑल ही द्रव्यं असतात, ती एलडीएल चढवतात. कागदी फिल्टर ती अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. उकळून किंवा दाबदांड्याच्या भांड्यात (फ्रेंच प्रेसमध्ये) केलेली कॉफी दिवसाला चार-पाच कप घेणाऱ्याला फक्त फिल्टर बदलून फरक दिसू शकतो.

वसुधा_क

एलडीएल ठीक आणि ट्रायग्लिसराइड २८० असेल तर हीच यादी चालेल का?

अनघा_आहार

नाही, वसुधाताई, तिथे प्राधान्यं बदलतात. ट्रायग्लिसराइड चढवणारे मुख्य तिघे: साखर (विशेषतः गोड पेयं आणि फळांचे रस), मैद्यासारखी पिष्टं आणि मद्य. जास्तीच्या फ्रुक्टोजपासून यकृत फॅट बनवतं आणि ते रक्तात सोडतं. अशा माणसाने "फॅट बंद" करून पिष्ट वाढवलं तर आकडा आणखी चढतो. गोड पेयं आणि मद्य पूर्ण थांबवा, वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरवा, आठवड्यातून दोनदा तेलकट मासे घ्या. हा आकडा आहाराला फार लवकर दाद देतो, काही आठवड्यांतच.

मात्र तपासणीआधी ९ ते १२ तास उपाशी राहिला होता का ते बघा, आणि आदल्या रात्री मद्य घेतलं होतं का तेही. मधुमेह आटोक्यात नसणं आणि थायरॉइड मंद असणं ही कारणं आधी तपासून घ्यावीत. ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका, तिथे डॉक्टरांकडे लगेच. ओमेगा-३ च्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नका. उपयोगी पडणारी मात्रा रोज ४ ग्रॅमची आहे आणि तिने हृदयाची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो.

मापाडी

मीठ राहिलं. रोज ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा सपाट, आणि यात पदार्थांत आधीच असलेलं मीठही धरायचं. एलडीएलशी त्याचा संबंध नाही, रक्तदाबाशी आहे. १९९७ च्या डॅश आहाराच्या प्रयोगात मीठ न बदलताही, केवळ फळं, भाज्या आणि कमी फॅटचं दूध वाढवून, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा ११ ने उतरला होता. २००१ मध्ये मीठही कमी करून बघितलं, तेव्हा आणखी उतरला.

पोटॅशियमयुक्त मीठ हा चांगला पर्याय आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर केलेल्या चाचणीत (२०२१) ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघात १४ टक्के कमी झाले. पण मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशी औषधं चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम जिवावर बेतेल इतकं चढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

निरामय

औषधांचा विषय निघालाच आहे तर आणखी तीन गोष्टी. सिम्वास्टॅटिन आणि अटॉर्वास्टॅटिन या स्टॅटिनसोबत ग्रेपफ्रूटचा रस भरपूर घेऊ नये, औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. वॉरफरिन (रक्ताची गुठळी रोखणारं औषध) चालू असलेल्यांनी पालेभाज्या सोडू नयेत, रोजचं प्रमाण सारखं ठेवावं. पथ्य म्हणून एकदम पालेभाज्यांचा मारा केला की औषधाचा परिणाम घटतो. "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड यीस्ट राइसमधला (आंबवलेल्या लाल तांदळातला) मोनाकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिनच. चालू स्टॅटिनवर ते घेतलं तर दुहेरी मात्रा होते.

वसुधा_क

शेवटचा प्रश्न. पथ्य सुरू केल्यावर पुन्हा तपासायचं कधी? आणि औषध टाळून फक्त आहारावर किती थांबायचं?

निरामय

आहाराचा एलडीएलवरचा परिणाम तीन-चार आठवड्यांत स्थिरावतो. तरी ८ ते १२ आठवड्यांनी तपासा, त्याच प्रयोगशाळेत. एकाच माणसाचं एलडीएल काही न बदलता ७ ते १० टक्के वर-खाली होतं, म्हणून १६४ चं १५५ झालं तर त्यावरून काहीच ठरवू नका. ताप किंवा मोठ्या आजारानंतर लगेच तपासू नका, तेव्हा एलडीएल खोटं कमी दिसतं. वजन झपाट्याने उतरत असतानाचे आकडेही भरवशाचे नसतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर वरचं एलडीएलचं गणित चालत नाही, थेट मोजलेलं एलडीएल किंवा एकूण वजा एचडीएल हा आकडा वापरा.

किती थांबायचं ते धोक्यावर ठरतं. हार्ट अटॅक येऊन गेला असेल, स्टेंट असेल, तर आहार औषधाच्या सोबत, त्याच्या बदल्यात नाही. एलडीएल १९० च्या वर असेल तर आनुवंशिक कारणाचा संशय घ्या, साधारण २५० माणसांत एकाला ते असतं. तिथे रिसेप्टरच अपुरे किंवा सदोष असतात. २२० वरून आहाराने १५ टक्के उतरवलं तरी १८७ राहतं. अशा व्यक्तीने औषध लांबवू नये, आणि भावंडांची व मुलांची तपासणी करून घ्यावी. प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि साध्या रक्ततपासणीत ते लहानपणीच कळू शकतं.